पाच बाटल्या, एक पॉट बर्फ आणि शेजारच्या काकूंचं नाक

पाच फसफसणाऱ्या वाइन झाकून चाखल्या, त्याचा निकाल आधीच सांगून टाकते. वडे-भजी तळून बसणार असाल तर दिंडोरीची शांदों ब्रूट घ्या. नुसतीच, सावकाश, गप्पा मारत प्यायची असेल आणि ड्यूटी फ्रीमधून आणून देणारं कुणी असेल तर फ्रान्सची मोएत शॅम्पेन. स्पेनच्या काळ्या बाटलीने मला चारचौघांत तोंडावर पाडलं, त्यामुळे तिच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही. आणि इटलीची प्रोसेक्को कुणी विकत घेऊ नये असं नाही, पण कुठून घेताय ते बघून घ्या.

मी नाशिकला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वाइनचा कुठलाही कोर्स केलेला नाही. सुलाने २००५ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम सुरू केली, त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही शाळेतल्या चौघीजणी तिकडे गेलो होतो. खरं तर धरण बघायलाच गेलो होतो. तिथल्या मुलाने पेल्यात दोन घोट ओतले आणि म्हणाला, आधी बघा, मग फिरवा, मग वास घ्या, मग प्या. प्रयोगशाळेत मुलांना मी हेच सांगते (पिण्याचं सोडून). तेव्हापासून ही हौस आहे. एक वही आहे, तीत तारीख, बाटली आणि एक ओळ. अठरा-वीस वर्षांत दोन वह्या भरल्या, यावरून माझा वेग कळेल.

या वेळचं निमित्त लेक. दुबईहून येताना तिने मोएत अँड शांदोंची इम्पीरियल आणली. एकटीच उघडण्यात काय मजा, म्हणून मी ठरवलं की तिच्यासोबत आणखी चार फसफसणाऱ्या वाइन ठेवायच्या आणि सगळ्या झाकून चाखायच्या. शांदों ब्रूट, सुला ब्रूट ट्रॉपिकाल, स्पेनची फ्रेशेनेट कोर्दोन नेग्रो आणि इटलीची एक प्रोसेक्को. नवऱ्याने स्वयंपाकघरात दार लावून पाचही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, रबर लावले आणि मार्करने आकडे टाकले. कुठला आकडा कुठली बाटली हे त्यालाच माहीत, म्हणून त्याला मत देता येणार नव्हतं. तो वाढपी.

चाखणारे चौघे: मी, लेक, ताई आणि दाजी. दाजींची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मे महिन्याचा पहिला शनिवार निवडला तो त्यांच्यामुळेच. खरड छाटणी उरकल्याशिवाय ते नाशिकला पाऊल टाकत नाहीत. पाचव्या, शेजारच्या काकू. त्या पीत नाहीत, पण गच्चीवर काय चाललंय ते बघायला आल्या, आणि आल्याच आहात तर वही धरा म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “नुसता वास घेतला तर चालतं ना गं?” चालतं. उलट त्या संध्याकाळचं सगळ्यात भरवशाचं उपकरण त्यांचं नाक ठरलं.

आधी थंड करण्याबद्दल दोन शब्द, कारण निम्म्या बाटल्या इथेच वाया जातात. संध्याकाळचे साडेसहा वाजले तरी गच्ची तापलेली होती. आईच्या काळातला पॉट आइस्क्रीमचा लाकडी पॉट माळ्यावर होता, तो काढला. नुसता बर्फ भरू नका, खड्यांच्या मधे हवा राहते. बर्फ, वर पाणी आणि मूठभर खडेमीठ. मिठाने तापमान शून्याच्या खाली जातं, म्हणून वीस मिनिटांत बाटली गार होते. पण तशीच विसरलात तर गोठेल. मी शाळेतला थर्मामीटर आणला होता. आठ ते दहा अंश चांगलं. घरातल्या फ्रीजमधून थेट काढलेली बाटली चार-पाच अंशांवर असते, आणि तेवढ्या थंड वाइनला वासच येत नाही. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

उघडताना दाजींना फटाका अपेक्षित होता. आतला दाब साधारण सहा वातावरणांचा, म्हणजे गाडीच्या टायरमध्ये भरतो त्याच्या अडीच-तीन पट. तो हवेत उडवून द्यायचा तर पैसे कशाला मोजले? बुचावरची तार सहा अर्धे पीळ देऊन सैल होते. तार सोडतानाच अंगठा बुचावर ठेवायचा, बाटली तिरकी धरायची, बूच घट्ट पकडायचं आणि फिरवायची ती बाटली. बूच आपोआप वर सरकायला लागतं, तेव्हा त्याला जरा मागे रेटायचं. शेवटी आवाज आला तो उसाशाएवढा. दाजी म्हणाले, “बस? एवढंच?”

पहिल्या आकड्याला काकूंनी नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं. “कोबी उकडलाय कुणीतरी.” मी वास घेतला. कोबीच. ही प्रोसेक्को निघाली, पण दोष तिच्या जातीचा नाही. बाटली पारदर्शक काचेची होती, आणि मी ती ज्या दुकानातून घेतली (नाव घेत नाही) तिथे ती वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली किती महिने उभी होती देव जाणे. प्रकाशाने वाइनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात आणि नेमका असा वास येतो. म्हणूनच शॅम्पेनच्या बाटल्या बहुतेक गडद हिरव्या असतात. रोदरर कंपनीची क्रिस्ताल ही शॅम्पेन पारदर्शक बाटलीत असते, रशियाच्या झारसाठी १८७६ मध्ये सुरू झालेली, पण तिला पिवळसर सेलोफेन गुंडाळलेला असतो. माझ्या बाटलीला कोण गुंडाळणार? दुकानदाराला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणाला, मॅडम, वाइन आंबटच असते. तेव्हा पारदर्शक बाटली घ्यायची तर दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कपाटातली मागा.

त्या बाटलीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलं होतं, आणि लेकीला वाटलं होतं की ती सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड, असणार. उलटं आहे. ब्रूटमध्ये लिटरला जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. आपल्या कोलामध्ये शंभरच्या वर असते, म्हणजे हे सगळं भांडण चमच्याच्या टोकावरचं आहे. पण जिभेला कळतं.

दुसरा आकडा. इथे सगळे जरा सावरून बसले. बारीक बुडबुड्यांची माळ तळातून सरळ वर येत होती. (बुडबुडे काचेतून येत नाहीत. पेला पुसताना राहिलेल्या कापसाच्या सूक्ष्म तंतूंवरून येतात. अगदी लख्ख पेल्यात वाइन मेल्यासारखी दिसते, म्हणून मी पेले जुन्या पंच्याने पुसते आणि साबणाचा अंश राहू देत नाही.) काकू म्हणाल्या, “हिरवं सफरचंद. आणि लिंबू किसलेलं.” पहिला घोट कडक, आंबट, स्वच्छ. गोडवा जवळजवळ नाही. ताईने तोंड वाकडं केलं. मग नवऱ्याने साबुदाणा वड्यांची पहिली ताटली आणली, आणि ताईनेच पेला परत पुढे केला.

या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय असं म्हटलं तरी चालेल. गरम साबुदाणा वडा, त्यातला दाण्याचा कूट, मीठ, तेल. जिभेवर तेलाचा थर बसतो. वर या वाइनचा घोट घेतला की आम्ल आणि बुडबुडे मिळून तो थर खरवडून काढतात, आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. चहा हे करत नाही. बिअर थोडं करते, पण पोट भरते. आम्ही नंतर कोंडाजी चिवडा घेतला, कांदाभजी घेतली, दोन्हींबरोबर हेच. हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर मात्र नाही: तिखटावर बुडबुडे टोचतात आणि जीभ जास्त पोळते. आणि आमरसाबरोबर तर मुळीच नाही. लेकीने रात्री जेवताना तो प्रयोग केला. हापूसच्या गोडव्यापुढे ब्रूट म्हणजे नुसतं लिंबाचं पाणी.

दाजी दोन घोटांनंतर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ही द्राक्षं कच्ची तोडलीत.” बरोबर ओळखलं. साध्या वाइनसाठी बावीस-चोवीस ब्रिक्सला (हे रसातल्या साखरेचं माप) तोडतात. फसफसणाऱ्या वाइनसाठी सतरा-अठराच्या आसपास, आम्ल भरपूर असतानाच. कारण या वाइनचं दोनदा आंबवण होतं. पहिली वाइन तयार झाली की तीत थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण होतं, वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्ये विरघळतो. दुसऱ्या फेरीत मद्यार्क आणखी एक-सव्वा टक्का वाढतो, म्हणून सुरुवात कमी साखरेने करावी लागते. दाजींचा खिशातला रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायचं यंत्र, तेवढ्यात बाहेर आलाच. काचेवर एक थेंब, झाकण, डोळा आकाशाकडे. “सहाच्या वर दाखवतोय. आणि तू म्हणतेस साखर नाही.” मद्यार्कसुद्धा प्रकाश वाकवतो, दाजी, रसाचं यंत्र वाइनला चालत नाही. त्यांना पटलं नसावं. त्यांनी ते रुमालाने पुसून परत खिशात ठेवलं.

त्यांचं या विषयातलं दुखणं जुनं आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या लाटेत दाजींनीही एक एकर शिराझ हे वाइनचं द्राक्ष लावलं. २००८-०९ च्या मंदीनंतर वाइन पडून राहिली. ज्या वायनरीशी त्यांचा करार होता, तिने त्या हंगामात माल उचललाच नाही. लहान, जाड सालीची, बियांची द्राक्षं. बाजारात खायला कोण घेणार? त्या काळात अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या, तशी दाजींनीही उपटली आणि पुन्हा खायचं थॉमसन लावलं. तेव्हापासून वाइन म्हटलं की ते “आमच्या एकराचं पाणी” म्हणतात. येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आले, आणि नवा कोरा सदरा घालून आले.

तिसऱ्या आकड्याला माझी फजिती झाली. काकू म्हणाल्या, “भिजवलेले बदाम. आणि पहिल्या पावसाची माती.” मी घोट घेतला, मातीसारखं काहीतरी खोल लागलं, आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. म्हटलं, ही शॅम्पेन. खडूच्या जमिनीचा हा गुण. पैज. नवऱ्याने चेहरा इतका सरळ ठेवला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ती निघाली फ्रेशेनेट, बार्सिलोनाजवळच्या पेनेदेसची कावा, माकाबेओ, शारेल्लो आणि पारेयादा अशा तीन द्राक्षांची. म्हणजे बाटलीतच दुसरं आंबवण झालेली, शॅम्पेनच्याच पद्धतीची, पण शॅम्पेन नव्हे. बुडबुडे जरा ढोबळ आहेत आणि शेवटी किंचित कडवटपणा राहतो. दाजींना हीच सगळ्यात आवडली, कडवटपणासकट.

पाचवा आकडा मधेच उरकते: सुला ब्रूट ट्रॉपिकाल. नावाप्रमाणेच फळं पुढे, काकूंच्या भाषेत पिकलेला पेरू आणि संत्रं. ताईचा पहिला नंबर. ज्यांना ‘वाइन आंबट असते’ एवढंच माहीत आहे त्यांना पहिली बाटली म्हणून मी हीच देईन. मला दुसऱ्या पेल्यानंतर फळांचा कंटाळा आला, पण पहिल्या पेल्यावर तक्रार नाही.

आता चौथा. नवऱ्याने ओतला तो लेकीने आणलेल्या उंच, निमुळत्या फ्लूटमध्ये. बुडबुडे इतके बारीक की पेल्याच्या वर धूर असावा तसे. काकूंनी वास घेतला: “काही नाही. गार.” चाखली. छान, गुळगुळीत, फेस तोंडात साईसारखा पसरतो. पण दुसऱ्या आकड्यापेक्षा तिप्पट छान? सगळ्यांनी वहीत सात-सात लिहिले आणि वड्यांकडे वळले.

माझा पेला तसाच राहिला, कारण मी तिसऱ्याचं समर्थन करण्यात गुंतले होते. वीसेक मिनिटांनी परत उचलला. एव्हाना गच्चीच्या उष्णतेने वाइन बारा अंशांच्या पुढे गेली असेल. मी ती फ्लूटमधून साध्या, रुंद पोटाच्या वाइनच्या पेल्यात ओतली आणि काकूंच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले. “मारी बिस्किट,” म्हणाल्या. मग परत नाक घातलं. “नाही, बेकरीच्या मागच्या गल्लीत सकाळी येतो तो वास. पाव भट्टीतून काढताना.”

तो वास मेलेल्या यीस्टचा. शॅम्पेन प्रांताच्या नियमाप्रमाणे साध्यातली साधी बाटलीसुद्धा किमान १५ महिने तळघरात राहते, त्यातले १२ महिने त्या गाळासोबत. कावाला किमान ९ महिने. प्रोसेक्कोचं दुसरं आंबवण बहुतेक मोठ्या टाकीतच होतं, तिथे बाटलीतल्या गाळावर मुरणं नाहीच. हा मुरलेला वास थंडीत आणि उंच फ्लूटमध्ये दबून बसतो. लग्नात, वाढदिवसाला, क्रिकेटच्या विजयात जी शॅम्पेन उघडतात ती बर्फासारखी गार, अरुंद पेल्यात, उभ्याने दोन मिनिटांत संपवतात. म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे मोजले ती यायच्या आत पेला रिकामा. आम्हीही तेच केलं होतं. दुसऱ्या फेरीत, रुंद पेल्यात, वहीतल्या सातांचे नऊ झाले. दाजींचे सोडून. ते कावावर ठाम.

कागद सोडले तेव्हा दोन (शांदों) आणि चार (मोएत) ही एकाच घरातली निघाली याचं लेकीला आश्चर्य वाटलं. मोएतचं घर १७४३ चं, फ्रान्समधल्या एपर्नेचं (आणि ‘मोए’ नव्हे, शेवटचा ‘त’ उच्चारतात). त्याच मालकांनी दिंडोरीत वायनरी काढली, पहिली शांदों २०१३ मध्ये बाजारात आली. तिच्या ब्रूटमध्ये शेनिन ब्लाँ, शार्डने आणि पिनो न्वार असतात. मोएतमध्ये शार्डने आणि पिनो न्वारबरोबर म्यूनिए. दिंडोरी म्हटल्यावर काकूंनी स्वामी समर्थांना हात जोडले आणि म्हणाल्या, “तिथे हेही होतं होय!” होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन करून ‘ओमर खय्याम’ नावाने इंग्लंडला पाठवली होती. पुढे ती कंपनी टिकली नाही. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना मला अजून ते आठवतं.

पैशांचं सांगायचं तर परदेशी वाइनवरचं आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलेलं, त्यामुळे दुकानातल्या मोएतच्या किमतीत शांदोंच्या तीन बाटल्या सहज येतात. चार माणसं आणि तळणीचा बेत असेल तर मी तीन घेईन. दोघंच असू, ऑक्टोबरची रात्र असेल आणि उठायची घाई नसेल तर एक. दुकानात मोएतची बाटली उन्हात किंवा दिव्याखाली ठेवलेली दिसली तर तीही नको. कोबीचा वास किमतीकडे बघून येत नाही.

उरलेल्या बाटलीत चमचा उलटा अडकवला की फेस टिकतो, असं ताई शपथेवर सांगते. अर्धी शांदों उरली होती. तिच्या समाधानासाठी स्टीलचा चमचा लावला. अर्धी कावा चमच्याविना, शेजारीच, फ्रीजमध्ये. सकाळी दोन्हींत सारखाच फेस होता. थंडीने वायू विरघळून राहतो, चमचा शोभेचा. दोन दिवस टिकवायची असेल तर पकडीचं झाकण मिळतं, ते घ्या.

रविवारी दुपारी दाजींचा फोन आला. मागे ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालू होता, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते.

“ती दोन नंबरची. त्यात द्राक्ष कुठलं म्हणालीस?”

“शेनिन, शार्डने, पिनो न्वार.”

“शेनिन,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “भाव काय चाललाय त्याचा, काही कळलं तर सांग.”